तुम्ही तोडलेली फुलं

आक्का, तुम्ही तोडून बरणीत ठेवलेली फुलं तुमच्यापेक्षा जास्त टिकली. हे ऐकून तुम्ही आधी खूश झाला असता आणि लगेच विचारलं असतं, "पानी रोज बदललंस न्हवं?" बदललं. तुम्हाला सांगलीहून घरी आणलं त्या दिवशी तर मोरीपर्यंत जायला वाट नव्हती इतकी माणसं होती, तरी बदललं. कोपऱ्यातली एक बाई म्हणालीसुद्धा, "हिला आज फुलाचं सुचतंय बया." मी बरणी विसळत राहिले. थोरली जाऊ गेल्यावर धाकटीनं किती रडायचं आणि कुठं बसून रडायचं, हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. त्यात बरणी विसळणं बसत नाही.

त्या सकाळी तुम्ही नेहमीसारख्या ऊन चढायच्या आत बादली घेऊन परसात गेलात. बादलीत पाणी, कमरेला चाकू. कात्री तुम्हाला कधी चालली नाही. कात्रीनं देठ चेंगरतो आणि चेंगरलेला देठ पाणी ओढत नाही, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंय की ते ऐकू आलं की मी मुद्दाम दुसरीकडं बघायची. तुम्ही निशिगंधाच्या काही दांड्या आणि पिवळी शेवंती तोडून आणलीत, चहात साखर जास्त झाली म्हणून मला बोललात आणि दुपारी छातीत दाटलंय म्हणालात. शेजाऱ्यांच्या गाडीतून पलूसहून सांगलीला नेईपर्यंत तुम्ही माझा हात धरून होता. पुढं दवाखान्यात मला आत सोडलं नाही. तिथला बाक मला अजून स्वप्नात दिसतो. त्यावर बसून मी कसला विचार करत होते सांगू? बरणी दिवाणखान्यात खिडकीपाशी राहिली, तिथं दुपारचं ऊन येतं, हा.

माणूस गेलं की घरात लोक आवराआवर करायला लागतात, तुम्ही पाहिलंयच. तुमच्या चपला कुणीतरी बाहेर नेल्या, अंथरूण नेलं, औषधांचा डबा नेला. बरणीही उचलली होती. मी ती परत आणून माठाशेजारी ठेवली, तुम्ही उन्हाळ्यात ठेवत होता तशी, थंडाव्याला. लोणच्याची जुनी काचेची बरणी ती. "आपुन पानी प्यावं इतकी सवच्छ पायजे" म्हणून तुम्ही ती राखेनं घासायच्या, मग साबणानं, मग परत नुसत्या पाण्यानं. देवाचा तांब्या तुम्ही इतका घासलेला मला आठवत नाही. देव्हाऱ्यातली यमाई ऐकतेय, पण खरं ते खरं.

आपलं भांडण माहीत आहे ना? एवढ्या वर्षांत ते मिटलं नाही. माझं म्हणणं, फूल झाडावरच बरं. देवाला चार वाहावीत, बाकीची राहू द्यावीत. आधी तोडायचं आणि मग ते जगावं म्हणून धडपडायचं, हा कुठला उद्योग? रोज पाणी बदला, रोज देठ बोटभर तिरपा कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, चिमूटभर साखर घाला, लिंबाचे दोन थेंब पिळा. एवढं तर आपण नवऱ्यांचं केलं नाही. तुम्ही हसायच्या आणि तुमचं एकच उत्तर असायचं. "तोडलंय न्हवं आपण? मग आपणच बघायचं."

प्रताप लहान असताना त्यानं तुमच्या शेवंतीची कळी खुडली होती. कुणाही आईनं पाठीत धपाटा घातला असता. तुम्ही त्याच्या हातात वाटी दिलीत आणि म्हणालात, ह्यात ठेव, आणि ते गळून पडेपर्यंत पाणी तूच बदलायचं. पोरगं रोज शाळेच्या आधी डोळे चोळत वाटी विसळायचं. आपला प्रताप. खरं तर तुमचा, पण 'आपला' म्हणायची सवय तुम्हीच मला लावलीत, कारण मला माझं असं मूल झालं नाही.

तुमच्या सगळ्याच युक्त्या लागू पडायच्या असं मात्र नाही हं. कुणीतरी मोबाईलवर बघून सांगितलं की पाण्यात गोळी टाकली की फुलं टिकतात. कसली गोळी ते तुम्ही विचारलं नाही. सरळ तुमची रक्तदाबाची गोळी टाकलीत. "मला लागू पडती, त्यास्नी का न्हाई?" दुसऱ्या दिवशी सगळी फुलं मान टाकून. मी आठवडाभर चिडवत होते, आक्का, फुलांचा दाब लय उतरला म्हणून. तुम्ही चिडून मला भाकरी करपवून वाढलीत आणि मी तीही खाल्ली.

आणि ते केळ्यांचं. गौरी-गणपतीसाठी आपण हिरवा घड माजघरात टांगला होता पिकायला, आणि फुलंही तिथंच ठेवली होती, घर आवरलेलं दिसावं म्हणून. एका रात्रीत निम्मी फुलं मिटली. तुम्ही म्हणालात, शालन पाणी बदलायचं विसरली. मी विसरले नव्हते. अख्खी सकाळ आपण एकमेकींशी बोललो नाही, गौरी मधे बसून बघत होत्या. मग तुम्ही काय केलंत, एक बरणी केळ्यांजवळ ठेवली आणि एक पडवीत. दुसऱ्या दिवशी केळ्यांजवळचीच मिटलेली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात आणि म्हणालात, "तुझं न्हाई, केळ्याचं हाय ते." माझी माफी मागायची तुमची तेवढीच तऱ्हा. तेव्हापासून ह्या घरात फुलांशेजारी फळ ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

आता दहाव्याचं बोलते. त्यावरून माझा तुमच्यावर राग आहे.

कृष्णेच्या काठी गेलो. पिंड मांडले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना. लोक लांब सरकले, मग आणखी लांब. प्रताप म्हणाला, आई, रान विकणार नाही. कावळा हलला नाही. तुमच्या सूनबाई म्हणाल्या, सणाला सगळे गावी येऊ. तुमच्या औंधच्या भावानं हात जोडून सांगितलं, यमाईची ओटी दरसाल मी भरतो. मला वाटलं एवढ्याला तरी उतराल. नाही. ऊन डोक्यावर आलं, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात प्रताप पुढं झाला आणि म्हणाला, "आई, काकीला हितं एकटी ठेवणार न्हाई. पुण्याला नेतो."

आणि आक्का, कावळा उतरला. मग एकामागून एक सगळेच उतरले, जेवायला बसल्यासारखे.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा, धाकटीतच जीव अडकला हुता," असं जो तो म्हणायला लागला. बायकांनी मला जवळ घेतलं. मी रडले. त्यांना वाटलं, मायेनं रडतेय. माया होतीच, पण निम्मा राग होता. जे तुम्हाला माझ्याकडून घेता आलं नाही, ते तुम्ही कावळ्याला पुढं करून चारचौघांत घेतलंत.

गेल्या वर्षभरात तुमचं हेच चाललं होतं. "मी गेल्यावर तू पोराकडं जा. हितं एकटी बसू नगंस." मी म्हणायची, आधी कोण जातंय ते तर बघू. तुम्ही म्हणायच्या, "चेष्टा न्हाई. शब्द दे." मी म्हणायची, चहा निवतोय. शब्द मी दिला नाही. नाही म्हणालेही नाही, कारण नाही म्हटलं असतं तर तुम्ही जायच्या आहात हे मान्य केल्यासारखं झालं असतं. ते मला नको होतं.

आणि तुम्ही कोण मला जा म्हणणाऱ्या? आमचे हे गेले तेव्हा लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. माझे भाऊ पाटणहून मला न्यायला आले होते. थोरले दीर होते तेव्हा, पण फौजेत, सीमेवर; घरात विचारायला पुरुषमाणूस नाही. मी आत पिशवी भरत होते. तुम्ही माझ्या भावांना पोटभर जेवू घातलंत, हात धुवायला पाणी दिलंत आणि मग त्यांना सांगितलंत, "तिला आमी आणलीया. आमी बघू." कुणाला विचारलं नाहीत, मलासुद्धा नाही. आत येऊन माझ्या पिशवीतली लुगडी परत फळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "चल, दूध तापव." मी त्या दिवशी तुमच्या पाया पडायला हवं होतं. दूध तापवलं. ते राहून गेलं ते राहूनच गेलं, आक्का. आज लिहिताना ते जास्त लागतंय. आईनं मला जन्म दिला, पण पुढचा जन्म तुम्ही दिलात, आणि मी तुम्हाला आयुष्यभर चहातल्या साखरेवरून उत्तरं देत राहिले.

तेराव्यानंतर प्रतापनं गाडीत सामान भरायला घेतलं. "काकी, चल. आईला शब्द दिलाय मी." मी म्हटलं, "ही फुलं संपू देत, मग बघू." त्यानं बरणीकडं पाहिलं. शेवंती पिवळी धमक होती, निशिगंधाची वरची टोकं अजून उमलत होती. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी येतो." त्याला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. त्याच्या आईनं मला काय काय शिकवून ठेवलंय, हे त्याला कुठं माहीत?

आक्का, मी सगळं केलं. निशिगंधाची खालची सुकलेली फुलं रोज खुडली, म्हणजे वरच्यांना पाणी मिळतं. अगदी शेंड्यावरच्या बारक्या कळ्या, ज्या उमलणार नसतात, त्या काढून टाकल्या. बरणी राखेनं घासली. पंखा लावला नाही, घामानं निथळले तरी. टीव्ही गरम होतो म्हणून बरणी त्याच्यापासून लांब नेली. शेवंतीचा देठ पाण्यात धरूनच तिरपा कापला. देठ इतके आखूड झाले की शेवटी बरणीतून वाटीत आले. मला माझंच हसू येत होतं. फूल झाडावरच बरं म्हणणारी मी, दुपारची झोप सोडून एका वाटीपुढं बसलेली.

पण खरं सांगू, फुलांचं करायला असायचं तेवढा वेळच बरा जायचा. बाकीचा दिवस जात नाही. भाकऱ्या दोघींच्या होतात. थापताना हाताला कळत नाही, तव्यावरून उतरवल्यावर कळतं. टीव्ही लावते आणि तुमच्या मालिकेतल्या त्या सासूला शिव्या द्यायला शेजारी कुणी नसतं, मग बंद करते. कारखाना सुरू झालाय, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून दारावरून जातात. एरवी आपण दोघी कानावर हात ठेवायचो. आता मी दारात जाऊन उभी राहते. संध्याकाळी निशिगंधाचा वास घरभर पसरला की तुम्ही परसातून आत आल्यासारखं वाटतं आणि माझी मान आपोआप वळते. रोज वळते. शिकत नाही.

आणि आणखी एक. दिवसभर माझं नाव कुणी घेत नाही. फोनवर मी काकी आहे, गल्लीत मावशी आहे, दूधवाल्याला आजी आहे. शालन म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच उरला होता.

शनिवारी शेवंतीचं शेवटचं फूल कडेनं तपकिरी झालं. मी पिशवी भरली. हो, भरली. तुम्हाला वाटेल मी हट्टानं बसले असेन, पण तसं नाही. मी घाबरले होते. एवढ्या मोठ्या घरात उद्या मला काही झालं तर कळणार कुणाला, हा तुमचाच प्रश्न मीही मला विचारत होते. तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि राग त्याचाच जास्त येत होता.

रविवारी सकाळी ती सुकलेली फुलं झाडाच्या बुडाशी टाकायला परसात गेले. तुम्ही गेल्यापासून तिकडं फिरकले नव्हते. सुतकात देवपूजा बंद, त्यामुळं फुलं कुणी तोडलीच नव्हती. माझ्या मनासारखं झालं होतं, सगळी झाडावरच. आणि झाडावरच सगळी वाळली होती, तपकिरी होऊन लोंबत होती. एवढी फुलली आणि त्यातलं एकही कुणी पाहिलं नाही. मी तिथं बांधावर बसले आणि तुम्ही गेल्यापासून रडले नव्हते तशी रडले.

मग डोळे पुसले तेव्हा दिसलं, मधे निशिगंधाच्या चार नव्या दांड्या आल्यात. खालची दोन-तीन फुलं उमललेली, वरच्या कळ्या टपोऱ्या. तुम्ही नेमक्या ह्याच वेळी तोडायच्या. मी आत गेले, बादलीत पाणी घेतलं, तुमचा चाकू घेतला. ह्या घरात आल्यापासून मी देवापुरतं सोडून एक फूल तोडलं नव्हतं. चारही तोडल्या, तिरप्या, आणि लगेच पाण्यात.

प्रताप आला तेव्हा पिशवी दारात होती आणि बरणी टेबलावर. त्यानं आणलेली केळी न बघताच बरणीशेजारी ठेवली, पाणी प्यायला आणि पिशवी उचलायला वाकला. मग त्याचं लक्ष गेलं.

"काकी, ही आईची न्हाईत."

"न्हाईत."

"कुणी तोडली?"

"मी."

त्यानं वाकल्यावाकल्याच माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "प्रताप, मी तोडलीत. आता मला बघाय लागंल."

तुमचा मुलगा आहे तो, आक्का. शब्द दिलाय, कावळा शिवलाय, लोक काय म्हणतील, ह्यातलं काही म्हणाला नाही. त्यानं पिशवी सोडली, टेबलावरची केळी उचलली आणि आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आणि आतूनच म्हणाला, "च्या ठेव की."

जेवून, थोडा पडून, तो निघाला. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला, "फुलं संपली की फोन कर, येतो." मी म्हटलं, करते. संपणार नाहीत हे त्यालाही ठाऊक आहे. मागं अजून कळ्या आहेत, शेवंतीलाही फुटवा येतोय. गाडी वळली तेव्हा त्यानं आरशात पाहिलं असावं, कारण वळणावर तो जरासा थांबला.

कावळ्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्याला तुम्ही पाठवलं होतंत, मी नाही.

आत आले. पाणी उद्या सकाळी बदलायचंय, आज लागत नाही. तरी बरणीपाशी जाऊन बसले. आक्का, आपल्या एवढ्या वर्षांच्या भांडणात मी फुलांचं हरले आणि राहायचं जिंकले. दोन्ही तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही हसला असता, मग चिडला असता, मग भाकरी करपवली असती. मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, आक्का, मी जात नाही हं कुठं. घरात कुणी ऐकलं नाही.